तुकाबाईंचा आवाज

तुकाबाईंची आणि माझी ओळख झाली ती शाळेच्या व्हॅनमुळे. माझी मुलगी आरती निरगुडसरच्या आमच्या वस्तीवरून मंचरला शाळेत जायची, आणि ज्या व्हॅनमधून जायची ती तुकाबाईंच्या मुलाची, दादाभाऊची होती. त्याआधी आमची घरं हाकेच्या अंतरावर असूनही मी तुकाबाईंना नीट पाहिलेलं नव्हतं. डोक्यावरून पदर, रस्त्याच्या कडेकडेनं चालणं, समोरून कुणी पुरुष आला की बांधाकडे तोंड करून उभं राहणं, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं. बोलायच्या इतक्या हळू की दुसऱ्यांदा विचारावं लागे. या बाईंचा आवाज एके काळी टेकडीपलीकडे ऐकू जायचा, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मला ते त्यांनीच सांगितलं, पुढे ओळख वाढल्यावर ओट्यावर बसून बोलताना, थोडं थोडं करून.

तुकाबाईंचं लग्न म्हस्कूंशी झालं तेव्हा सासरी घर असं नव्हतंच. मेंढरं होती, दोन घोड्या होत्या, कुत्री होती. मेंढपाळांच्या चार-सहा बिऱ्हाडांचा मिळून जो तळ पडतो त्याला वाडा म्हणतात. त्यांचा वाडा दिवाळीनंतर माळशेज घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाआधी वर यायचा. पुरुष उजाडताच मेंढरं घेऊन निघायचे ते दिवस मावळताना परतायचे. मधला सगळा कारभार बायांचा. तळ मोडायचा, वाकळा, भांडी, पालं घोड्यांवर लादायची, त्यावर कोंबड्या आणि लहान पोरं बसवायची आणि पुढच्या मुक्कामाला जाऊन पुन्हा चूल मांडायची. पाणी कुठलं भरायचं, पाल कुठं ठोकायचं, विहिरीवरून कुणी हुसकावलं तर त्याच्याशी कसं भांडायचं, हे बायाच ठरवायच्या. सासू लवकर गेली, म्हणून त्या बायांचं म्होरकेपण तुकाबाईंकडे अगदी तरुणपणी आलं.

"मला कोनी शिकवलं न्हाई," त्या म्हणाल्या. "घोडी बुजली की वरडावंच लागतं. नवऱ्याला हाक मारायची तर त्यो टेकडीच्या पल्याड. हळू बोलून कसं भागंल? पदर कंबरेला खोचलेला, हातात काठी. गडीमानसं सुदिक वाट द्यायची."

आणि म्हस्कू? म्हस्कू तेव्हा बोलतच नसत. दिवसभर मेंढरांमागे हिंडणाऱ्या माणसाला बोलायला असतंच कोण? संध्याकाळी येऊन ते चुलीपाशी बसत आणि एवढंच विचारत, "उद्या कुठं?" तुकाबाई सांगत. ते मान हलवत आणि आई मेलेलं एखादं कोकरू घोंगडीत घेऊन त्याला बोटानं दूध चाटवत बसत. दादाभाऊ लहान असताना त्याला झोपवायचंही काम त्यांचंच, कारण दिवसभर ओझी लादून तुकाबाईंचे हात भरून आलेले असत. याबद्दल वाड्यात कुणी काही म्हणत नसे. बाई मोठ्यानं बोलते आणि बाप्या पोराला थोपटतो, यात म्हणण्यासारखं काही आहे हेच तिथं कुणाला ठाऊक नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात मेंढरांत रोग शिरला. कळपातली निम्मी मेंढरं गेली. उरलेली म्हस्कूंनी विकली, घोड्याही गेल्या. दादाभाऊला शाळेत घालायचं मनात होतंच. निरगुडसरला कालव्याच्या पाण्याखालची थोडी जमीन मिळाली आणि तिच्या कडेला पत्र्याचं, मग विटांचं घर झालं. शेजारची जमीन कुंडलिकरावांची. पिढ्यान्‌पिढ्यांचे जमीनदार, पण माणूस मनानं चांगला. त्यांनी म्हस्कूंना कांद्याचं रोप कसं टाकायचं ते दाखवलं, पाण्याची पाळी समजावून सांगितली. आणि त्यांच्या बायकोनं, प्रयागबाईंनी, तुकाबाईंना उरलेलं सगळं समजावलं.

एकदा तुकाबाई बांधावर उभ्या राहून पार कालव्यापलीकडे असलेल्या नवऱ्याला जेवायला हाक मारत होत्या. प्रयागबाई लगबगीनं आल्या, हाताला धरून त्यांना आत घेऊन गेल्या, चहा दिला आणि म्हणाल्या, "बाई, राग मानू नका. हितं गाव हाये. मानसं बघत्यात. असं नवऱ्याला वरडून बोलवू नये. पोराला धाडावं. आन डोक्यावर पदर घेत जा, चांगलं दिसतं."

"त्या काय वाईट बोलल्या न्हाईत," तुकाबाई मला म्हणाल्या. "मायेनंच सांगितलं. म्हनून तर आईकलं. दम दिला असता तर म्या बी दम दिला असता."

त्याच सुमारास म्हस्कूंनाही पारावर बोलावणी येऊ लागली. देवळापुढच्या पारावर संध्याकाळी चार पुरुष बसत. रस्ता कुठून जावा, जत्रेत काय करावं, कुणाच्या बांधाचं काय, अशा गोष्टी चालत. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, "पावनं, तुमचं काय म्हननं?" म्हस्कू गोंधळले. इतकी वर्षं त्यांना काही म्हणायची पाळीच आली नव्हती. ते म्हणाले, "घरी इचारतो आन सांगतो." पारावर हशा पिकला. "आवं, बायकोला काय इचारायचं त्यात?" म्हस्कूही हसले. त्यानंतर त्यांनी तुकाबाईंना कधी "उद्या कुठं?" विचारलं नाही. पारावर बसायचं तर मत असावं लागतं, म्हणून ते मत देऊ लागले. मत द्यायचं तर ठासून द्यावं लागतं, म्हणून आवाज चढवू लागले. मिशा वाढवल्या. घरात आल्यावरही तोच आवाज राहिला. रडणारा दादाभाऊ जवळ गेला तर म्हणू लागले, "आईकडं जा."

असं एका दिवसात काही घडलं नाही. तुकाबाईंना विचारलं, की तुमचा आवाज केव्हा गेला, तर त्यांना नेमका दिवस सांगता येईना. "घरात भिंती असत्यात ना," त्या म्हणाल्या. "भिंतीच्या आत किती मोठ्यानं बोलनार? हळूहळू गरजच पडंना. मंग एकदा भाचीच्या लग्नात गानं म्हनायला उभी राह्यले, तर घशातून काय निघंचना."

दादाभाऊ मोठा झाला, शाळेत जेमतेम चालला, पुढे व्हॅन घेऊन मुलांची ने-आण करू लागला. त्याचं लग्न पिंपळवंडीच्या रोहिणीशी झालं. रोहिणीचे वडील आळेफाट्याला टेम्पो चालवत. मुलगा नव्हता म्हणून म्हणा की हौस म्हणून म्हणा, त्यांनी पोरीला टेम्पोच्या स्टिअरिंगवर बसवलं होतं, लायसनही काढून दिलं होतं. लग्नाची बोलणी झाली तेव्हा ही गोष्ट कुणी काढली नाही. सून घरात आली, डोक्यावर पदर घेऊन वावरू लागली. तुकाबाईंनीच तिला शिकवलं, की सासऱ्यांसमोर कॉटवर बसायचं नाही, दारात उभं राहून फोनवर बोलायचं नाही, हसायचं ते जरा बेतानं. प्रयागबाईंनी चहा देऊन सांगितलेलं सगळं त्यांनी रोहिणीला चहाशिवाय सांगितलं. सासू झालेल्या बाईनं काय बोलायचं असतं ते त्यांना आजूबाजूला ऐकून पाठ झालं होतं.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी कांद्याच्या गोण्या चढवताना दादाभाऊच्या पाठीत चमक भरली आणि तो जागीच बसला. मणका सरकला होता. मंचरच्या डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं सांगितलं. किती दिवस ते सांगितलं नाही. शाळा चालू होत्या. आम्हा पालकांचे फोन सुरू झाले, उद्या व्हॅन येणार का? बदली ड्रायव्हर मिळेना. जो मिळाला त्याच्या तोंडाला सकाळीच वास येत होता.

त्या दुपारी घरात काय झालं ते मला रोहिणीनं सांगितलं. दादाभाऊ पालथा पडलेला, म्हस्कू उंबऱ्याजवळ, तुकाबाई चुलीशी. रोहिणी भांडी घासता घासता म्हणाली, "मी चालवते की गाडी."

मग म्हस्कू म्हणाले, "घरातली सून गाडी चालवनार? उद्या पाराव मला तोंड दाखवाया जागा राह्यची न्हाई."

आणि तुकाबाई म्हणाल्या, "रोहिणी, हितं गाव हाये. मानसं बघत्यात."

रोहिणीनं उलट उत्तर दिलं नाही. वाद घातला नाही. डोळ्यात पाणीही आणलं नाही. ती नुसती गप्प झाली आणि भांडी घासत राहिली. तुकाबाई मला म्हणाल्या, "तिनं भांडान केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती गप बसली आन मला कसंतरीच झालं. आसं गप बसायला मला किती वरसं लागली व्हती. ही पोरगी एका वाक्यात शिकली."

सकाळी तुकाबाईंनीच तोड काढली. "मी जाते तिच्या जोडीला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "सासू संगं असल्याव कोन काय बोलंल?" म्हस्कूंनी टोपी घातली आणि ते शेतात निघून गेले. रोहिणीनं किल्ली घेतली. तुकाबाई पदर सावरत पुढच्या सीटवर बसल्या, देवाला नमस्कार केला, आणि व्हॅन आमच्या दारात आली.

मी आरतीला सोडायला रस्त्यावर आले तर स्टिअरिंगवर रोहिणी. खरं सांगते, आरतीला गाडीत चढवू की नको, असं क्षणभर मलाही वाटलं. पलीकडच्या वस्तीवरचा गोरख, ज्याचा ऋषी आरतीच्याच वर्गात होता, तोंडावरच म्हणाला, "दादाभाऊ बरा होईस्तोवर मी ऋषीला मोटरसायकलवर सोडीन. तुमाला तरास नको." त्याच्या बोलण्यात तिरकसपणा नव्हता, नुसती भीती होती. चार दिवस त्यानं सोडलंही. मग त्याला कामाला जायला उशीर होऊ लागला आणि ऋषी परत व्हॅनमध्ये आला.

सुरुवातीला तुकाबाई व्हॅनमध्ये अंग चोरून बसायच्या. मुलं भांडायची, दारं उघडायची, खिडकीतून डबे बाहेर काढायची. रोहिणीला गाडीकडे बघावं की पोरांकडे, कळेना. मग एके दिवशी तुकाबाई खाली उतरल्या आणि एकेकाला हाताला धरून बसवू लागल्या. थोरले मागं, धाकटे मधे, दप्तरं पायाखाली, ओकारी येणारं खिडकीशी. वाड्यातलं बिऱ्हाड लादताना करत होत्या तसंच असणार ते. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मला इतकंच दिसलं की मुलं त्यांना भिऊ लागली आणि लगेच त्यांच्या अंगाखांद्यावरही पडू लागली. आरती घरी येऊन म्हणायची, "आज आजी ओरडली." मी म्हणायचे, तुकाबाई? शक्यच नाही.

मग पुलाचा प्रसंग घडला. उसाचा हंगाम होता. शाळा सुटल्यावर व्हॅन परत येत होती आणि गावाअलीकडच्या अरुंद पुलावर समोरून दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर घुसला. व्हॅन आधीच पुलावर होती. मागे मोटरसायकली, एक जीप. ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवू लागला. बाई गाडी चालवते आहे हे दिसल्यावर माणसं खाली उतरून आली. "ताई, तुमी उतरा, मी काढून देतो." "आवं, तिला रिव्हर्स यायचा न्हाई." "घरी कोन गडीमानूस न्हाई का?" एकानं दाराच्या हँडललाच हात घातला. रोहिणीला रिव्हर्स उत्तम येत होता. पण इतकी माणसं एकदम बोलू लागल्यावर तिचा क्लच सुटला आणि गाडी बंद पडली. मागची पोरं रडायला लागली.

तुकाबाई दुसऱ्या दारानं उतरल्या. पुढं जाऊन ट्रॅक्टरच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या. आणि ओरडल्या, "मागं घे!"

रोहिणी म्हणाली, "मी इतकी दचकले की क्षणभर कळंना कोण ओरडलं. आत्यांचा असा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. नदीच्या पार पलीकडनं परत आला तो."

तो ट्रॅक्टरवाला जानकू, ओळखीचाच निघाला. तो म्हणाला, "मावशी, दोन ट्रॉल्या हायेत, मागं कशा घिऊ?"

"मंग पुलावर घातल्या कशा? आधी गाडी व्हती का न्हाई हितं? लेकरं हायेत आत. मागं घे. आन तुमी समदे," मोटरसायकलवाल्यांकडे वळून त्या म्हणाल्या, "दारावरचा हात काढा. आपापल्या गाड्या कडंला लावा. तिची गाडी ती चालवंल."

भांडण झालं नाही. जानकूनं बराच खटाटोप करून ट्रॅक्टर मागं घेतला, दोघांनी त्याला वाट दाखवली. रोहिणीनं गाडी सुरू केली आणि ती पूल ओलांडून आली. तुकाबाई परत येऊन बसल्या तेव्हा पदर खांद्यावर पडला होता, त्यांच्या लक्षातही नव्हतं. उतरताना म्हणाल्या, "घसा लई दुखतोय. गरम पानी पायजे."

बातमी त्यांच्याआधी पारावर पोचली होती. म्हस्कू त्या संध्याकाळी लवकर घरी आले. तुकाबाई ओट्यावर गरम पाण्याचे घोट घेत बसल्या होत्या. आता आरडाओरडा होणार, असं रोहिणीला वाटलं. ती दाराआड उभी राहिली.

म्हस्कू म्हणाले, "लोक म्हनत्यात, म्हस्कूची बायको पुलाव वरडत व्हती."

"व्हती."

"पैल्यासारखी?"

"पैल्यासारखी."

म्हस्कूंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "पैलं बरं व्हतं. मला कोन काय इचारत नव्हतं."

तुकाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं.

"पाराव बसलं की बोलावं लागतं," म्हस्कू म्हणाले. "ह्येचं काय म्हननं, त्येचं काय म्हननं. मला कायबी म्हनायचं नसतं. तरी बोलतो. न्हाई बोललं तर म्हनत्यात, मेंढक्याला काय कळतंय. इतकी वरसं बोलतोय, जीव दमून गेला."

"मंग जाऊ नगा."

"न जाऊन कुठं जाऊ? घरात बायकांत बसू?"

तुकाबाईंनी उरलेलं गरम पाणी त्यांच्यापुढं सरकवलं. रोहिणी म्हणाली, सासू-सासरे एकमेकांशी इतकं बोलताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

पुढचे काही महिने त्या घरात मोठी गंमत चालली होती. गंमत म्हणजे लांबून बघणाऱ्याला. दादाभाऊ हळूहळू उठू लागला, पण गाडी चालवायची नव्हती, ओझं उचलायचं नव्हतं. बायका दोन्ही फेऱ्यांना बाहेर. घरात बाप-लेक आणि दादाभाऊची लहान मुलगी रत्ना. आधी म्हस्कू चहा करू लागले, मग दादाभाऊ भात लावू लागला, रत्नाचं नाक पुसू लागला. दारात कुणी आलं की दादाभाऊ पटकन अंथरुणात शिरून पांघरूण ओढून घ्यायचा आणि गॅसवरचा भात आपोआप लागल्यासारखा शिजत राहायचा.

खरी गंमत त्याच्या स्वभावात झाली. मंचरला जाम लागला, व्हॅनला उशीर झाला, की त्याचे फोन सुरू. कुठं आहात? अजून का नाही? कुणाशी बोलत उभ्या होता? चहा गार झाला. रत्ना रडतेय. रोहिणी घरी आली की तो दिवसभरात काय काय झालं ते सांगायला लागायचा, मांजरानं दूध सांडलं इथपासून. रोहिणी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. ओट्यावर पाय पसरून मोबाईल बघत म्हणायची, "चहा टाका." एकदा चहात साखर कमी झाली तर म्हणाली, "दिवसभर घरात असून एवढंही नीट जमत नाही का?"

तुकाबाई तिथंच व्हॅनमधली पाण्याची बाटली धूत होत्या. त्यांचा हात थांबला. "म्या म्हटलं, आगं बाई, ह्ये तर दादाभाऊचं बोलनं," त्या मला सांगत होत्या. "अगदी तसंच, शबुद न्‌ शबुद. आन त्यो बिचारा माज्यासारखा गप बसला. म्हंजी जो भायेर जातो त्याला असं बोलायचा अधिकार येतो का काय? आन जो घरात बसतो त्यो वाट बघून बघून किरकिरा व्हतो. बाई असू दे न्हाईतर बाप्या."

"मग तुम्ही रोहिणीला काही म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हनू? ती बी दमलेली असती. त्यो बी दमलेला असतो."

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर डॉक्टरांनी दादाभाऊला गाडी चालवायची परवानगी दिली. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी रोहिणीनं किल्ली खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिली. ना तिनं काही मागितलं, ना त्यानं काही विचारलं. सकाळी व्हॅन त्यानं काढली. दुपारी घरी येऊन ओट्यावर बसला, म्हणाला, "चहा." रोहिणी शेतात होती. तुकाबाईंनी मुद्दाम म्हटलं, "टाक की तूच." तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि आतून ओरडला, "आये, पातेलं कुठं असतं?" इतके महिने रोज त्याच पातेल्यात चहा केलेला माणूस. तुकाबाई म्हणाल्या, "त्यो नाटक करत नव्हता गं. त्याला खरंच आठवंना. माझं तर हसावं का रडावं झालं."

रोहिणी आठवडाभरात पुन्हा हळू बोलू लागलेली त्यांनी पाहिली. मग त्यांनी एका जेवणाच्या वेळी विषय काढला. ओरडून नाही, पुलावरच्या आवाजात नाही, साध्या आवाजात. "दुपारची फेरी रोहिणीनं करायची," त्या म्हणाल्या. "तवा दादाभाऊ रान बघंल. त्याच्या पाठीला दोन टाइम गाडी सोसायची न्हाई."

दादाभाऊनं बापाकडं पाहिलं. म्हस्कू भाकरी कुस्करत म्हणाले, "तिला चालवता येती. चालवू दे." पारावर याला काय म्हणतील, हा विषय त्यांनी काढला नाही.

तर तसं ठरलं. आजही दुपारी आरतीला रोहिणीच घेऊन येते. ऋषीचा बाप गोरख आता आपल्या मेहुण्यालाही सांगतो, की बायामाणसाची गाडी बरी, हळू चालते. पण त्यामुळे सगळं फार चांगलं झालं असं काही मी म्हणणार नाही. रोहिणी सकाळी पूर्वीइतक्याच लवकर उठते, धुणं-भांडी करते, डबे करते, दुपारी गाडी काढते आणि परत येऊन संध्याकाळचा स्वयंपाक करते. तिचं एक काम वाढलं, कमी काहीच झालं नाही. तिचा हा भार थोडा हलका व्हावा म्हणून भाकऱ्या तुकाबाई थापतात. त्यांचे गुडघे धरतात. खाली बसल्या की उठताना जमिनीला हात टेकतात. व्हॅनमध्ये आता त्या जात नाहीत. सून एकटी चालवते याची लोकांना सवय झाली, जोडीची गरज उरली नाही. त्या परत घरात बसल्या आणि त्यांचा आवाज पुन्हा तसाच खाली गेला. मी एकदा म्हटलं, तुकाबाई, जरा मोठ्यानं बोला की. त्या म्हणाल्या, "आता कुनाला हाक मारायची?"

म्हस्कूंनी मात्र चार मेंढ्या घेतल्या. कालव्याच्या कडेनं दिवसभर त्या चारतात. पारावर जाणं कमी झालंय. कुणी विचारलं तर सांगतात, मेंढरं सोडून येता येत नाही. संध्याकाळी रत्ना त्यांच्या घोंगडीवर झोपून जाते.

या दिवाळीत सगळे रोहिणीच्या माहेरी पिंपळवंडीला निघाले. शाळेला सुट्टी, व्हॅन मोकळी. दादाभाऊची पाठ दुखत होती, म्हणून गाडी रोहिणीनं घेतली. म्हस्कू तिच्या शेजारी बसले. मागं दादाभाऊ, रत्ना आणि तुकाबाई. सकाळपासून फराळ बांधून तुकाबाई इतक्या थकल्या होत्या की मंचर मागं पडायच्या आत त्यांचा डोळा लागला.

पिंपळवंडी जवळ आली तशी गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. गाडी थांबल्याचं कळून तुकाबाई जाग्या झाल्या. दादाभाऊ हळूच म्हणत होता, "हितनं म्होरं मी घेतो. सासुरवाडीत बायकोनं गाडी चालवत नेल्याली बरी न्हाई दिसत." म्हस्कू समोर बघत राहिले. रोहिणी उतरली, गाडीला वळसा घालून मागं आली, रत्नाला मांडीवर घेतलं आणि डोक्यावर पदर नीट केला. दादाभाऊ पाठ धरत पुढं जाऊन बसला.

तुकाबाईंनी हे सगळं मला परत आल्यावर सांगितलं. मी विचारलं, "मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"म्या डोळं मिटून घेतलं," त्या म्हणाल्या. "झोप लई आली व्हती."